उष्ण व दाबाखालील वायूंचे वर्णपटमापन

ठरावीक तापमान व दाब असलेला वायू कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती प्रमाणात उत्सर्जित करतो आणि किती शोषून घेतो, याचे संख्यात्मक मोजमाप म्हणजे उष्ण व दाबाखालील वायूंचे वर्णपटमापन होय. वर्णपटविज्ञानाच्या या शाखेचा उपयोग सूर्य व तारे यांच्या अंतर्भागाचा अभ्यास, ग्रहांची वातावरणे, भट्ट्या व बाष्पित्रे, वायू टर्बाइन, तसेच आयनद्रायूचे निदान यांत होतो. दूरच्या किंवा हात न लावता येण्याजोग्या वायूविषयी जी माहिती मिळते ती त्याच्या प्रकाशातूनच मिळते. मात्र तो प्रकाश वाचण्यासाठी तसाच वायू प्रयोगशाळेत, ज्ञात तापमानाला व ज्ञात दाबाखाली, आधी मोजलेला असावा लागतो. या विषयाचा इतिहास महाराष्ट्राशीही जोडलेला आहे. १८६८ व १८९८ या वर्षांतील खग्रास सूर्यग्रहणांच्या वेळी दक्षिण मराठा प्रदेश, कोकण, सोलापूरचा परिसर व वऱ्हाड येथे झालेली निरीक्षणे त्यात महत्त्वाची ठरली.

मूलतत्त्वे

विरळ वायू तापवला असता तो ठरावीक तरंगलांबींच्या तेजस्वी रेषा देतो. स्वयंपाकाच्या गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकले की ज्योत पिवळी होते. हा पिवळा रंग सोडियमच्या ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर या दोन जवळजवळच्या रेषांचा असतो. त्याच ज्योतीमागे तिच्यापेक्षा अधिक तप्त असा दिवा ठेवून वर्णपटदर्शकातून पाहिले, तर त्याच जागी दोन काळ्या रेषा दिसतात. गुस्टाफ किर्खोफ यांनी १८५९ मध्ये यामागील नियम मांडला : एखाद्या तापमानाला वायू ज्या तरंगलांबीचा प्रकाश जितक्या परिणामकारकतेने उत्सर्जित करतो, तितक्याच परिणामकारकतेने तो तीच तरंगलांबी शोषतो. म्हणून उत्सर्जन व शोषण ही एकाच गुणधर्माची दोन रूपे आहेत आणि त्यांपैकी एक मोजल्यास दुसरे गणिताने काढता येते. वायू औष्णिक समतोलात असणे ही त्यासाठीची अट आहे. विजेच्या ठिणगीत किंवा स्फोटाच्या पहिल्या क्षणी ती पाळली जातेच असे नाही.

रेषा कधीही गणिती अर्थाने रेषा नसते. तिला रुंदी असते. ही रुंदी मुख्यतः दोन कारणांनी ठरते. पहिले कारण अणूंची औष्णिक हालचाल. आपल्याकडे येणाऱ्या अणूचा प्रकाश किंचित निळ्याकडे व दूर जाणाऱ्याचा किंचित तांबड्याकडे सरकतो. तापमान वाढते तशी ही डॉप्लर रुंदी वाढते, परंतु ती केवळ निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ६,००० केल्विन तापमानाला हायड्रोजनच्या तांबड्या रेषेची अशी रुंदी सुमारे ०.०३६ नॅनोमीटर असते. लोखंडाचा अणू ५६ पट जड असल्यामुळे त्याच्या रेषा याच तापमानाला कितीतरी अरुंद असतात.

दुसरे कारण म्हणजे अणू-रेणूंची एकमेकांशी होणारी टक्कर, आणि येथे दाबाचा संबंध येतो. दाब वाढला की टकरी वाढतात, प्रत्येक अणूचे प्रकाशदान मध्येच खंडित होते आणि रेषा दोन्ही बाजूंना पसरते. वायू आयनीभूत असेल तर भोवतालच्या इलेक्ट्रॉन व आयनांचे विद्युत क्षेत्रही अणूच्या ऊर्जापातळ्या विस्कळीत करते. हायड्रोजनवर याचा प्रभाव विशेष मोठा असतो. एका घन सेंटीमीटरात १० चा १७ वा घात इतके इलेक्ट्रॉन असले, तर हायड्रोजनची ४८६.१ नॅनोमीटरची निळी रेषा सुमारे ५ नॅनोमीटर रुंद होते. तिच्या औष्णिक रुंदीच्या तुलनेत ही रुंदी शंभर पटींहून अधिक आहे. त्यामुळेच प्रयोगशाळेत आयनद्रायूची घनता जाणण्यासाठी या रेषेची रुंदी मोजण्याची पद्धत रूढ झाली.

दाब आणखी वाढत गेला की शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात. कार्बन डायऑक्साइडच्या अवरक्त पट्ट्यांत रेषा इतक्या दाट असतात की सामान्य वातावरणीय दाबाला त्या वेगवेगळ्या ओळखता येतात, पण दहा-वीस पट दाबाला त्यांची सलग भिंत बनते. याच्या जोडीला तापमान नवी भर घालते. थंड वायूत रेणू मुख्यतः सर्वांत खालच्या कंपनपातळीत असतात, तर तप्त वायूत ते वरच्या पातळ्यांतही विखुरतात आणि थंड वायूत दिसतच नाहीत अशा असंख्य नव्या रेषा उमटतात. म्हणून सामान्य तापमानाला तयार केलेली रेषांची यादी तप्त वायूसाठी वापरल्यास उत्तर थोडेफार नव्हे, तर ठोकळ मानानेही चुकू शकते.

मोंट ब्लांकवरील मेणबत्ती ते दाबाखालील ज्योत

दाबाचा प्रकाशावर होणारा परिणाम प्रथम ध्यानात आला तो साध्या मेणबत्तीमुळे. इंग्लंडचे रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८५९ मध्ये जॉन टिंडल यांच्यासह आल्प्समधील मोंट ब्लांक शिखरावर मेणबत्त्या जाळल्या. पायथ्याशी व शिखरावर मेणबत्तीचे मेण जवळपास सारख्याच वेगाने जळत होते, परंतु शिखरावरील विरळ हवेत ज्योतीचा उजेड स्पष्टपणे कमी होता. मग हवा विरळ करण्याऐवजी दाट केली तर काय होईल, असा उलट प्रश्न फ्रँकलंड यांनी घेतला. १८६८ मध्ये त्यांनी बंद लोखंडी पात्रात, वातावरणीय दाबाच्या वीस पटींपर्यंतच्या दाबाखाली, ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन जाळला. हायड्रोजनची ज्योत एरवी जवळजवळ अदृश्य असते. दहापट दाबाला मात्र तिच्या उजेडात दोन फुटांवरून वर्तमानपत्र वाचता येईल इतकी ती तेजस्वी झाली, आणि तिचा वर्णपट तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत अखंड दिसला.

त्या काळी अखंड वर्णपट हे घन किंवा द्रव पदार्थाचे लक्षण मानले जाई. ज्योतीत काजळीचा एकही कण नसताना केवळ दाबामुळे वायू असा वर्णपट देऊ शकतो, हे या प्रयोगाने दाखवले. सूर्याचा पृष्ठभाग अखंड वर्णपट देतो म्हणून तो घन किंवा द्रव असलाच पाहिजे, हा तर्क त्यामुळे डळमळला. सूर्य अंतर्बाह्य वायुरूप असू शकतो या मताला बळ देणाऱ्या पुराव्यांत या लहानशा ज्योतीचा वाटा, आज तिचे नाव फारसे घेतले जात नसले तरी, मोठा आहे.

१८६८ चे ग्रहण आणि विजयदुर्गाची आख्यायिका

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून दिसलेल्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट प्रथमच तपासला गेला. लेफ्टनंट जॉन हर्शेल यांनी पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानातून, कॅप्टन हेग यांनी विजापुराहून, तर फ्रान्सचे झ्यूल झांसेन व मेजर टेनंट यांनी गुंटूर येथून निरीक्षणे केली. जमखंडीला ढगांनी अडथळा आणला, तरी मिळालेल्या फटीतून हर्शेल यांना तांबडी, नारिंगी व निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे त्यामुळे निश्चित झाले. या रेषा इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी झांसेन यांनी ग्रहणाविना, भर उन्हातही त्या पाहिल्या. इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉक्यर यांनी स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेच साधले.

पिवळसर रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी, परंतु त्यांपासून वेगळ्या जागी, ५८७.६ नॅनोमीटरवर होती. ती कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तिच्या जनक द्रव्याला हीलियम हे नाव मिळाले, आणि १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांना ते युरेनियमयुक्त खनिजातून निघणाऱ्या वायूत सापडले.

कोकणात विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. लॉक्यर यांनी १८६८ मध्ये याच ठिकाणाहून हीलियमचा शोध लावला असे सर्वत्र सांगितले जाते, आणि १८ ऑगस्टला तेथे हीलियम दिनही साजरा होतो. ऐतिहासिक नोंदी हे समर्थन देत नाहीत. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉक्यर इंग्लंडमध्ये होते. ते विजयदुर्गाला आले ते जानेवारी १८९८ मध्ये, तीस वर्षांनंतरच्या दुसऱ्या ग्रहणासाठी. दोन ग्रहणे एकत्र मिसळल्यामुळे ही आख्यायिका बनली असावी. त्यामुळे विजयदुर्गाचे महत्त्व कमी होत नाही. तेथे झालेले काम या लेखाच्या विषयाला हीलियमच्या शोधाइतकेच जवळचे आहे.

लॉक्यर आणि फ्रँकलंड यांनी १८६९ मध्ये एकत्र काम केले. सूर्याच्या वर्णगोलात हायड्रोजनची निळी रेषा तळाशी रुंद व वर जाताना बाणाच्या टोकासारखी निमुळती दिसत होती. हे दाबामुळे होते की तापमानामुळे, याचा निर्णय केवळ दुर्बिणीतून होणे शक्य नव्हते. त्यांनी नळीत भरलेल्या हायड्रोजनचा दाब कमीजास्त करून त्याच रेषेची रुंदी तपासली आणि निष्कर्ष काढला की रुंदी मुख्यत्वे दाबावर अवलंबून आहे, आणि वर्णगोलाच्या तळाशीसुद्धा दाब पृथ्वीच्या वातावरणापेक्षा कमी असला पाहिजे. सूर्यावरील दाब पृथ्वीवरील एका काचनळीच्या आधारे सांगण्याचा हा पहिला प्रयत्न होता. त्यातील आकडे पुढे सुधारले गेले. पद्धत मात्र आजही तीच आहे.

२२ जानेवारी १८९८ : कोकण ते वऱ्हाड

१८९८ च्या ग्रहणाची पूर्ण छाया कोकण किनाऱ्यावर चढून ईशान्येकडे गेली. विजयदुर्गावर लॉक्यर यांचे पथक होते. ‘मेलपोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेचे कप्तान चिझम-बॅटन व खलाशी यांनी उपकरणे चालवण्यात हातभार लावला. रेल्वेमार्गावरील जेऊर (तालुका करमाळा) येथे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांचे, तसेच कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल यांचे पथक होते. त्यापुढे छाया मराठवाड्यावरून वऱ्हाडात गेली. भोकर व नांदेडचा परिसर पट्ट्याच्या दक्षिणेस राहिल्याने तेथे सूर्य मोठ्या प्रमाणात झाकला गेला तरी ग्रहण खंडग्रासच होते. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश खगोल संघटनेच्या पथकातर्फे एडवर्ड व ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड यांनी, तर वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे कॅप्टन हिल्स व न्यूऑल यांनी निरीक्षणे केली. मुंबई-पुण्यात प्लेगची साथ असतानाचे हे दिवस होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची होती. आकाश मात्र सर्वत्र निरभ्र राहिले.

या पथकांचे एक मुख्य लक्ष्य होते क्षणवर्णपट. चंद्र सूर्यबिंब पूर्ण झाकण्याच्या क्षणी सूर्याचा दीप्तिगोल दिसेनासा होतो आणि त्यावरील पातळ वर्णगोल तेवढा काही सेकंद उघडा राहतो. एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा त्या क्षणी एकदम तेजस्वी होतात. दुर्बिणीपुढे लोलक लावून छायाचित्र घेतल्यास प्रत्येक रेषा वर्णगोलाच्या चंद्रकोरीच्या आकारात उमटते, आणि कोरीची लांबी व जाडी पाहून तो वायू सूर्यपृष्ठापासून किती उंचीपर्यंत पसरला आहे ते मोजता येते. एकाच काचेवर अशी शेकडो मोजमापे मिळतात.

एव्हरशेड यांच्या तळणीच्या काचांवर आणखी एक गोष्ट उमटली. हायड्रोजनच्या बामर श्रेणीतील रेषा जंबुपार भागाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येत ३६४.६ नॅनोमीटरच्या मर्यादेशी संपतात. या मर्यादेपलीकडे रेषा नसतानाही त्यांना सलग प्रकाश आढळला. त्याचा अर्थ पुंज सिद्धांतानंतर उलगडला : मुक्त इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाकडून दुसऱ्या पातळीत पकडला जातो तेव्हा त्याच्याकडे कितीही गतिज ऊर्जा असू शकते, म्हणून बाहेर पडणारा प्रकाश एका रेषेत न राहता सलग पसरतो. या सलग प्रकाशाचा उतार मोजला की इलेक्ट्रॉनांचे तापमान मिळते.

मर्यादेपूर्वी किती रेषा वेगवेगळ्या ओळखता येतात, ही संख्याही बोलकी असते. वायू दाट असेल तर वरच्या पातळ्यांच्या रेषा विद्युत क्षेत्रामुळे रुंदावून लवकर मिसळतात. इंग्लिस व टेलर यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार आठव्या पातळीपर्यंतच्याच रेषा सुट्या दिसत असतील, तर एका घन सेंटीमीटरात सुमारे १० चा १६ वा घात इतके किंवा त्याच्या काही पट इलेक्ट्रॉन असतात. तिसाव्या पातळीपर्यंतच्या दिसत असतील, तर ही संख्या १० च्या १२ व्या घाताच्या आसपास येते. केवळ रेषा मोजून वायूची घनता सांगण्याची इतकी सोपी रीत या विषयात दुसरी क्वचितच आहे.

पुण्याची वेधशाळा

नेगमवाला यांच्या पुढाकाराने व भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंची परावर्तक दुर्बीण त्या काळी देशातील मोठ्या दुर्बिणींपैकी होती. मृग नक्षत्रातील तेजोमेघाचा वर्णपट हा तेथील सुरुवातीच्या कामांपैकी एक विषय. या तेजोमेघाची मुख्य हिरवी रेषा कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळत नव्हती. ती मॅग्नेशियमच्या एका पट्ट्याचा उरलेला अंश आहे असे लॉक्यर यांचे मत होते. तसे असते तर रेषेची एक कड धूसर दिसायला हवी होती. नेगमवाला यांनी १८९१ मध्ये नोंदवले की ती तीक्ष्ण व अरुंद आहे. इतर वेधशाळांची निरीक्षणेही याच बाजूची होती आणि मॅग्नेशियमचे मत मागे पडले.

या रेषेचे कोडे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सोडवले. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवरील नळीत ती दिसत नाही, कारण उत्तेजित आयनाला तो प्रकाश देण्यास जो दीर्घ वेळ लागतो, त्याआधीच टकरीत त्याची ऊर्जा निघून जाते. तेजोमेघातील वायू मात्र आपल्या उत्तमातल्या उत्तम निर्वातापेक्षाही विरळ असल्याने तेथे आयनाला तेवढा अवकाश मिळतो. दाबाच्या अभावाचाही वर्णपटावर ठसा उमटतो, हे दाखवणारे हे उदाहरण आहे. पुण्याची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली व तिची दुर्बीण कोडईकनालला गेली.

साहा यांचे समीकरण

लॉक्यर यांना प्रयोगशाळेत आढळले होते की काही रेषा विद्युत् प्रज्योतीपेक्षा ठिणगीत अधिक ठळक होतात, आणि याच रेषा वर्णगोलातही ठळक असतात. ठिणगीत अणू फुटून अधिक मूलभूत घटक बनत असावेत असे अनुमान त्यांनी केले. समकालीनांनी ते बव्हंशी नाकारले. १९२० मध्ये मेघनाद साहा यांनी या निरीक्षणांना नेमका अर्थ दिला : अणू फुटत नाही, तो इलेक्ट्रॉन गमावतो, आणि किती अणू इलेक्ट्रॉन गमावतील हे तापमानाबरोबर दाबावरही ठरते. दाब कमी असेल तर सुटलेल्या इलेक्ट्रॉनला पुन्हा पकडणारा आयन लवकर भेटत नाही. म्हणून दीप्तिगोलापेक्षा फारसे तप्त नसतानाही विरळ वर्णगोलात कॅल्शियमच्या आयनाच्या रेषा मोठ्या उंचीपर्यंत दिसतात. क्षणवर्णपटाच्या काचांवरून मिळालेल्या उंचीच्या नोंदी साहा यांच्या युक्तिवादाचा आधार होत्या. आपले समीकरण भट्टीत प्रत्यक्ष तपासता यावे म्हणून ते १९२१ मध्ये बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले होते.

मापनाच्या पद्धती

तत्त्व सोपे आहे. तप्त वायूच्या थरामागे ज्ञात तेजस्वितेचा प्रकाशस्रोत ठेवायचा, वायू असताना व नसताना आलेल्या प्रकाशाची तुलना करायची आणि त्यावरून शोषण काढायचे. अडचणी प्रत्यक्षात सुरू होतात. वायू स्वतःही चकाकत असतो, त्यामुळे त्याचा प्रकाश मागील दिव्याच्या प्रकाशात मिसळतो. यावर उपाय म्हणून दिव्यापुढे फिरती छिद्रयुक्त तबकडी ठेवतात व ठरावीक वारंवारतेने चमकणारा भागच वेगळा काढतात. उत्सर्जन मोजताना उपकरणाचे प्रमाणीकरण ज्ञात तापमानाच्या कृष्ण पदार्थाशी, म्हणजे लहान छिद्र असलेल्या तप्त पोकळीशी, करावे लागते.

त्याहून कठीण प्रश्न पात्राचा असतो. उच्च तापमान व उच्च दाब एकाच वेळी सोसणारी आणि प्रकाशही जाऊ देणारी खिडकी दुर्मीळ असते. यासाठी क्वार्ट्झ किंवा कृत्रिम नीलम वापरतात. खिडकी जळू नये म्हणून ती गार ठेवावी, तर तिच्याजवळचा वायूही गार होतो आणि हा गार थर आतून आलेल्या रेषेचा मधला भाग खाऊन टाकतो. पाहणाऱ्याला वाटते की आतला वायूच कमी तप्त आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माउंट विल्सन वेधशाळेत आर्थर किंग यांनी विजेच्या भट्टीत धातूंच्या वाफा तापवून त्यांचे वर्णपट नोंदवले, तेव्हा संपूर्ण नळी एकसारखी तापवण्यावर त्यांचा भर होता तो यासाठीच. त्याआधी, १८९५-९६ मध्ये, हम्फ्रीज व मोलर यांनी दाबयुक्त पात्रातील विद्युत् प्रज्योतीच्या रेषा तपासून असे दाखवले की दाबामुळे त्या रुंद तर होतातच, शिवाय तांबड्याकडे किंचित सरकतातही.

भट्टीच्या आवाक्यापलीकडच्या तापमानासाठी आघातनलिका वापरतात. लांब नळीत पातळ पडद्याच्या एका बाजूला उच्च दाबाचा वायू भरतात. पडदा फुटताच आघाततरंग दुसऱ्या बाजूच्या वायूतून धावतो आणि त्याला एका क्षणात हजारो अंशांपर्यंत तापवतो. ही स्थिती फार तर काही मिलिसेकंद टिकते. परंतु तरंगाचा वेग मोजला की तापमान व दाब गणिताने अचूक मिळतात, आणि नळीच्या भिंती तापण्याआधीच प्रयोग संपलेला असतो.

तापमान मोजण्याची एक जुनी व सुंदर रीत सोडियम रेषा उलटण्याची आहे. ज्योतीत थोडे सोडियम मिसळून मागील दिव्याची तेजस्विता हळूहळू वाढवतात. दिवा ज्योतीपेक्षा मंद असेल तर पिवळी रेषा तेजस्वी दिसते, अधिक प्रखर असेल तर काळी. ज्या क्षणी ती दिसेनाशी होते, त्या क्षणी दिव्याचे तापमान व ज्योतीचे तापमान समान असते. तापमापक ज्योतीत न घालता ज्योतीचे तापमान कळते.

भट्टीपासून टर्बाइनपर्यंत

परळीच्या औष्णिक वीजकेंद्रातील कोळशाच्या बाष्पित्रात, किंवा नांदेड-लातूर भागातील साखर कारखान्याच्या चिपाडावर चालणाऱ्या भट्टीत, पाण्याच्या नळ्यांना मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग प्रारणाने मिळतो. नायट्रोजन व ऑक्सिजन अवरक्त प्रकाश जवळजवळ देतही नाहीत व घेतही नाहीत. हे काम पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड प्रामुख्याने २.७ व ४.३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यांत करतात, आणि त्यांच्या जोडीला काजळी व राखेचे कण असतात. अशा भट्टीत दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो, पण वायूचा थर कित्येक मीटर जाड असतो. उरणसारख्या वायू टर्बाइन केंद्रात परिस्थिती उलट असते. ज्वलनकक्ष लहान, पण दाब कित्येक पट. शोषण हे वायूच्या थराची जाडी व त्यातील रेणूंची घनता या दोहोंच्या गुणाकारावर अवलंबून असते, त्यामुळे लहान कक्षही पुष्कळ प्रारण देऊ शकतो. मात्र दाबामुळे रेषांचा आकार बदलत असल्याने एका यंत्राचे आकडे दुसऱ्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. यासाठी तप्त वायूंच्या रेषांचे ‘हायटेम्प’सारखे संग्रह तयार केले गेले आहेत.

शुक्राच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ४६४ अंश सेल्सिअस व दाब पृथ्वीच्या सुमारे ९२ पट आहे. अशा दाट कार्बन डायऑक्साइडमध्ये टकरीच्या क्षणापुरत्या जवळ आलेल्या रेणूंच्या जोड्या, एकट्या रेणूला शोषता न येणारा प्रकाशही शोषतात. केवळ सुट्या रेषांची बेरीज करून शुक्राच्या वातावरणाचा हिशेब जुळत नाही तो यामुळे.

सूर्याची अपारदर्शकता

दीप्तिगोल अखंड वर्णपट का देतो, हा फ्रँकलंड यांच्या ज्योतीपासून चालत आलेला प्रश्न होता. दीप्तिगोलातील दाब पृथ्वीच्या वातावरणाच्या सुमारे एकदशांश, म्हणजे केवळ दाबामुळे हे घडते असे म्हणण्यास अपुरा. रूपर्ट विल्ट यांनी १९३९ मध्ये सुचवले की हायड्रोजनच्या अणूला एक जास्तीचा इलेक्ट्रॉन सैलपणे चिकटून ऋण आयन बनतो आणि तोच दृश्य प्रकाश शोषतो. असे आयन दर दहा कोटी अणूंमागे एखादाच असतो, तरी तेवढा पुरतो. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी त्याच्या शोषणाचे गणित केले आणि १९५५ मध्ये ब्रँसकोम व स्मिथ यांनी प्रयोगशाळेत आयनांच्या झोतावर प्रकाश टाकून हे शोषण प्रत्यक्ष मोजले.

सूर्याच्या आतला प्रश्न अजून पूर्णपणे सुटलेला नाही. केंद्रात निर्माण झालेली ऊर्जा प्रारणाच्या रूपाने बाहेर येते, आणि वाटेतील द्रव्य तिला किती अडवते यावर सूर्याची रचना ठरते. केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ७१ टक्के अंतरावर, जेथे तापमान सुमारे २० लाख केल्विन असते, प्रारणाची वाट इतकी अवघड होते की तेथून पुढे द्रव्य उकळत्या पाण्यासारखे अभिसरण करू लागते. या सीमेवरील अडथळ्यात लोखंडाचा वाटा सुमारे एक चतुर्थांश आहे, जरी त्याचे अणू संख्येने नगण्य असले तरी. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सूर्यातील ऑक्सिजन व इतर द्रव्यांचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असल्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सूर्याच्या कंपनांवरून काढलेली सीमा व गणिती प्रतिरूपातील सीमा जुळेनाशा झाल्या. एक शक्यता अशी की प्रतिरूपात धरलेली अपारदर्शकताच कमी असावी.

ही शक्यता तपासण्यासाठी अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या ‘झेड’ यंत्रावर जेम्स बेली व सहकाऱ्यांनी प्रयोग केले. प्रचंड विद्युत प्रवाहाने टंगस्टनच्या तारांचा आयनद्रायू आतल्या बाजूस चेपला जाऊन क्ष-किरणांचा स्फोट होतो. त्या किरणांनी लोखंड व मॅग्नेशियम यांचा अतिपातळ थर १९ ते २३ लाख केल्विनपर्यंत तापवला आणि त्याच किरणांच्या पार्श्वभूमीवर त्याचे शोषण नोंदवले. मॅग्नेशियम मिसळण्याचे कारण असे की त्याच्या सोप्या रेषांवरून थराचे तापमान व घनता कळतात. मिठाच्या ज्योतीत सोडियमने केलेले काम येथे मॅग्नेशियम करतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लोखंडाचे शोषण तरंगलांबीनुसार अपेक्षेपेक्षा ३० ते ४०० टक्के अधिक निघाले. हे खरे असेल तर सूर्याच्या त्या सीमेवरील एकूण अपारदर्शकता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे दोन प्रतिरूपांतील तफावतीचा साधारण अर्धा भाग भरून निघतो. २०१९ मध्ये याच गटाने क्रोमियम व निकेल यांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांत लोखंडाइतकी मोठी तफावत सर्वत्र आढळली नाही. सिद्धांतात काही राहून गेले आहे की प्रयोगात, याचा निर्णय व्हायचा आहे; दुसऱ्या यंत्रावर तीच मापने स्वतंत्रपणे करून पाहणे हाच मार्ग आहे.

सूर्याच्या बाह्य थरांच्या बाबतीत पुण्याचा सहभाग आजही आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी प्रक्षेपित झालेल्या आदित्य-एल१ यानावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटर या जंबुपार पट्ट्यात दीप्तिगोल व वर्णगोल यांच्या प्रतिमा घेते. या पट्ट्याचा बराचसा भाग पृथ्वीच्या वातावरणात शोषला जातो, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागली. ज्या ३६४.६ नॅनोमीटरच्या मर्यादेपलीकडचा सलग प्रकाश एव्हरशेड यांनी तळणीला काचेवर टिपला होता, ती मर्यादा याच पट्ट्यात येते.